छतावरची होडी

"ती वरची होडी उद्यापासून मला तिथं दिसता कामा नये," नाटेकरसाहेब धक्क्यावरूनच म्हणाले. बोटीत पाय ठेवण्याआधी.

मी सुकाणूजवळ उभा होतो. बाबलमामा छतावर उकिडवा बसून रबरी होडीच्या कडा अंगठ्याने दाबून बघत होता. रोज सकाळी तो हे करायचा. उन्हात हवा फुगते, पाण्यात टाकली की आक्रसते. म्हणून सकाळी होडी किंचित सैल ठेवायची आणि पाण्यात उतरवली की पायपंपाचे चार-पाच दाब द्यायचे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात होडीशेजारी बसून बसून त्याचं त्यानंच शोधून काढलं होतं.

"साहेब," तो वरून म्हणाला, "होडी हयसरच रवांदेत. पाण्यात टाकूक दोन मिनटां लागतत. गुंडाळून ठेवली तर वीस मिनटां."

"पाहुण्यांना छत पाहिजे, बाबल. गाद्या येतायत पुण्याहून. लोक ऊन खायला, फोटो काढायला येतात. ती काळी म्हैस मधे कशाला?"

"कधी लागली तर?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बोटीचा कॅप्टन कोण आहे?"

"मी, साहेब."

"मग तुम्ही सांगा."

मी सत्तावीस वर्षांचा होतो. अंगावर पांढरा शर्ट होता, खांद्यावर काळ्या पट्ट्या. मी वर बघून म्हणालो, "मामा, काढूया ती."

मामा होडीच्या दोऱ्या सोडायला लागला.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. आमचं गाव मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधे कुठंतरी. नाव सांगत नाही, माणसं ओळखीची निघतील. नाटेकरसाहेबांचं किनाऱ्यावर रिसॉर्ट होतं आणि 'नीलाक्षी' ही त्यांची चाळीस फुटी मोटरबोट. सकाळी पाहुण्यांना घेऊन बेटाकडे जायचं, नांगर टाकायचा, पाहुण्यांना किनाऱ्यावर पोचवायचं, संध्याकाळी परत आणायचं. बेटाला धक्का नाही, म्हणून ती रबरी होडी. आठ हॉर्सपॉवरचं लहान इंजिन लावलं की सहा माणसं आरामात न्यायची आणि गुडघाभर पाण्यातही चालायची. खडपातून, म्हणजे पाण्यातल्या खडकांतून, जिथं बोट नेली तर पंखा तुटेल, तिथं होडी बदकासारखी फिरायची.

माझा बाप मी नऊ वर्षांचा असताना गेला. बाबलमामानं मला घरी आणलं. त्याला एक मुलगी होती, प्रमिला, मुलगा नव्हता. पोहायला, वल्हवायला, पाण्याची ओढ ओळखायला त्यानंच शिकवलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून बोट चालवायचं सर्टिफिकेट त्याला मिळणार नव्हतं. मला मिळालं तेव्हा तोच साहेबांकडे गेला होता. "माझो भाचो कॅप्टन ठेवा, मी खलाशी म्हणान रवतंय." तीस वर्षं समुद्रावर घालवलेला माणूस माझ्या हाताखाली आला आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. पाहुण्यांसमोर तो मला 'कॅप्टन' म्हणायचा. घरी दिगू.

त्याची एक सवय गावात प्रसिद्ध होती. तो कधीच घाई करायचा नाही. गाठ मारली की ओढून बघायचा, सोडायचा, परत मारायचा. जेवायला पाऊण तास. लोक म्हणायचे, बाबल आजची एस्टी उद्या पकडतो. मामी तर वैतागायची; पण तिच्या वैतागण्यात एक अभिमानही असायचा, कारण वाडीतल्या इतर बायकांचे नवरे कधी ना कधी समुद्रातून जखमी होऊन आले होते. हिचा नवरा तीस वर्षांत बोटाला साधी चीर घेऊन आला नव्हता.

होडी गुंडाळायचं काम त्यानं मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा दोन तास घेतले. आधी गोड्या पाण्यानं धुवायची. कोपऱ्यांत वाळू अडकते, ती फडक्यानं टिपून काढायची, नाहीतर घडीत रबराला घासते. मग सावलीत सुकवायची, उन्हात नाही. तळाशी जिथं रबराचे दोन थर जुळतात तिथं हात घालून बघायचं, कारण पाणी तिथं लपतं. वरून शंखजिऱ्याची पांढरी पूड फासायची, म्हणजे थर चिकटत नाहीत. मग लांबच्या टोकाकडून गुंडाळत यायचं, म्हणजे उरलेली हवा झडपेतून बाहेर जाते. तळाच्या फळ्या वेगळ्या बांधायच्या. पायपंप पिशवीत सगळ्यांत वर.

"ओली गुंडाळलंस तर चिकाटता," तो म्हणाला. "मगे उघडूक गेलंस तर रबरच फाटता. आणि झडपेत मीठ धरता. हवा जाऊकच नाय आत."

पिशवी पुढच्या टोकाच्या पेटीत ठेवली. मामाला ती वर हवी होती. पण त्या पेटीत नांगराचा दोर असायचा, तो रोज लागायचा. म्हणून दोर वर आला आणि होडी तळाशी गेली. छतावर निळ्या गाद्या आल्या. बेटावर पाहुण्यांना उतरवायला साहेबांनी तिथल्याच एका मच्छीमाराची लाकडी होडी ठरवली. पाहुण्यांना ती आवडायची. फोटोत चांगली दिसायची.

मामा दर पंधरा दिवसांनी रबरी होडी बाहेर काढायचा, फुगवायचा, बघायचा, परत गुंडाळायचा. कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीच्या शेवटी त्याला ताप आला आणि ते काम माझ्यावर आलं. मी धक्क्यावर होडी फुगवली, बघितली, धुतली, सुकत टाकली. दुपारी साहेबांचा फोन आला. मुंबईचे पाहुणे तीनला येतायत, बोट तयार ठेवा.

संध्याकाळी मी परत आलो तर मामा धक्क्यावर, कानाला मफलर गुंडाळून बसलेला. तापातनं उठून आला होता.

"होडी सुकली?"

"सुकली."

"कोपरे?"

"कोपरेपण."

"शंखजिरां मारलंस?"

"मारलंय मामा. जा तू घरी."

तो उठला आणि गेला. मी सांगितलं की त्याला पुरायचं.

त्यानंतर तीन आठवडे आम्हाला एक दिवस मोकळा मिळाला नाही. मामा दोनदा म्हणाला, "होडी बघूया रे." मी दोन्ही वेळा म्हणालो, "सोमवारी."

तो रविवार होता. कोल्हापूरचे पाच पाहुणे होते. हुद्दार नावाचा एक दातांचा डॉक्टर, वय पस्तीस असेल, त्याची बहीण, आणि त्यांचे तीन मित्र. बेटापासून थोडं अलीकडे आम्ही नांगर टाकला. मच्छीमाराची होडी यायला वेळ होता. दुपार झाली होती, वायव्येचा वारा सुटायला लागला होता आणि ओहोटीचं पाणी बेटाच्या दक्षिण टोकाकडे, खडपाकडे ओढत होतं. मी सगळ्यांना सांगितलं, इथं पोहायचं नाही. हुद्दार छतावर गादीवर पडला होता. तो हसला. "कॅप्टन, मी कॉलेजला पोहण्यात चॅम्पियन होतो."

त्यानं छतावरून सूर मारला.

सूर सुंदर होता, हे मान्य करायला हवं. वर आला तेव्हा तो बोटीपासून वीस हात लांब होता. दोन मिनिटांत साठ हात. तो बोटीकडे तोंड करून पोहत होता आणि मागे मागे जात होता. मग त्यानं हात वर केला. त्याची बहीण ओरडायला लागली.

मी दोर बांधलेली रिंग फेकली. ती निम्म्यातच पडली. खडपावर लाटा फुटत होत्या. तिकडे बोट नेणं म्हणजे एकाच्या ऐवजी सगळ्यांना बुडवणं.

"होडी," मामा म्हणाला.

तो आधीच पेटीपाशी होता. दोराची सगळी वेटोळी त्यानं बाहेर टाकली, पिशवी ओढून काढली, पुढच्या मोकळ्या जागेत उपडी केली. होडीचं गाठोडं बाहेर पडलं आणि मला वास आला. बंद पडलेल्या विहिरीसारखा, कुबट. मामालाही आला असणार. त्यानं गाठोडं उलगडायला एक टोक धरून ओढलं. रबर उलगडलं नाही. थर एकमेकांना घट्ट चिकटले होते. त्यानं दोन्ही हातांनी, बोटं आत घालून ते सोडवलं, इंच इंच, न फाडता. पंप लावला. पाय मारला. झडप हवा घेईना. त्यानं झडप काढली, तोंडात धरून चोखली, थुंकला, परत लावली. मी शेजारी गुडघ्यावर बसलो होतो, माझे हात मधे मधे येत होते.

दुसऱ्या कप्प्यात हवा जायला लागली. पहिला कप्पा तसाच लुळा.

हुद्दार आता खडपापासून फार लांब नव्हता. त्याचं डोकं मधूनच दिसत होतं.

मामानं पंपावरचा पाय काढला. माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो मला काहीतरी विचारत होता आणि उत्तर त्याच्यासमोर पसरलेलं होतं.

"इंजिन चालू कर," तो म्हणाला. "नांगर उचल. भायल्या अंगान ये, खडपाच्या जवळ येव नको. तेका ओढून मी भायर काढतंय. तू तेका घे."

त्यानं लाइफजॅकेट घातलं. तिन्ही पट्टे आवळले, ओढून बघितले. रिंग घेतली. मग पाण्यात उतरला. उडी मारली नाही, शिडीनं उतरला. पाण्याची ओढ त्याला खडपाकडे नेणारच होती, तिच्याशी भांडायला नको हे त्याला माहीत होतं. तो हुद्दारपर्यंत पोचला. रिंग त्याच्या काखेत घातली. मग त्याला घेऊन आडवा, ओढीच्या बाजूबाजूनं, बाहेरच्या पाण्याकडे पोहायला लागला. मी बोट फिरवून आणली होती. दोघं माझ्यापासून चाळीस हातांवर असतील. एक मोठी लाट मागून आली. तिच्या आधी मामानं रिंगला जोर लावून हुद्दारला पुढे ढकललं. तो माझ्या बाजूला आला. मामा लाटेबरोबर मागे गेला.

मी हुद्दारला वर घेतलं. जिवंत होता, खोकत होता.

लाइफजॅकेटमुळे मामा बुडला नाही. पाच-सात मिनिटांनी तो खडपाच्या दुसऱ्या बाजूनं, तोंड वर करून, अगदी सावकाश वाहत बाहेर आला. डोक्याची मागची बाजू गेली होती.

बोटीच्या पुढच्या टोकाला होडी पडली होती, अर्धी फुगलेली. तिला कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी पोलीस यायच्या आत साहेबांनी मला त्यांच्या गाडीत बसवलं. काचा वर केल्या.

"होडी कुणी गुंडाळली होती?"

"मी."

"ओली?"

मी हो म्हणून मान हलवली. त्या दिवशी तीन वाजता पाहुणे येणार होते, साहेबांचाच फोन होता, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. साहेब म्हणाले, "होडी कुठं ठेवायची ते मी सांगितलं. कशी ठेवायची ते कॅप्टनचं काम. बरोबर?"

"बरोबर."

"तुमचं सर्टिफिकेट जाईल, दिगंबर. तुरुंगही होईल कदाचित. मामा गेले, ते परत येणार नाहीत. तुम्ही आणखी दोन-तीन मिनिटांत होडी फुगवून उतरवणार होता. ते थांबले नाहीत. घाई केली. शूर माणूस होता, घाई केली. यात त्यांची बदनामी नाही. उलट लोक नाव काढतील."

मी तसं लिहून दिलं. बोटीवरच्या पाहुण्यांना होडीतलं काही कळत नव्हतं, त्यांनी फक्त धावपळ बघितली होती. हुद्दार दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेला. त्याच्या बहिणीनं मला एक पत्र पाठवलं, आभाराचं. ते मी वाचलं नाही, नुसतं उघडलं.

मामीनं दिवस होईपर्यंत मला काही विचारलं नाही. बाराव्या दिवशी जेवणं उरकली, माणसं पांगली. ती मागच्या पडवीत भांड्यांसमोर बसली होती. मला म्हणाली, "दिगू, हय बस."

मी बसलो.

"माका एक सांग. बोटीर होडी होती ना?"

"होती."

"बरी होती? हेंनी सांगलेली तशी?"

"बरी होती."

"मगे हे पाण्यात कित्याक गेले?"

मी भांड्यांकडे बघत होतो. राखेनं घासलेला एक तांब्या उपडा ठेवला होता. मला वाटलं, ही थोडा वेळ गप्प बसली तर मी सांगेन. ती गप्प बसली. मी सांगितलं नाही.

"मामान घाई केल्यान," मी म्हणालो.

"घाई? हेंनी?"

"होडी फुगतच होती. मामा दोन मिनटां थांबलो असतो तर..."

मामी माझ्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या जेवणाची वाट बघत ती चुलीपाशी बसली होती, त्या माणसाबद्दल मी काहीतरी नवं सांगत होतो. पण मी तिथं होतो, ती नव्हती. आणि मी तिच्या हातचं खाऊन वाढलेला होतो. तिनं पदरानं हात पुसले. "असां," म्हणाली. एवढंच.

साहेबांनी मामीला रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम दिलं. ती चौदा वर्षं तिथं होती. पाहुण्यांसाठी सोलकढी करायची, नारळ खवायची. नीलाक्षीवर मी अजून सात वर्षं राहिलो. छतावरच्या गाद्या काढल्या, होडी परत वर आली, फुगवलेली. ते मी दुसऱ्याच महिन्यात करून घेतलं आणि साहेब त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मग मी मोठ्या बोटींवर गेलो. वरची सर्टिफिकेटं मिळत गेली. गावात मला मान आहे.

मामाची गोष्ट गावात राहिली, पण साहेब म्हणाले होते तशी नाही. शूर वगैरे सुरुवातीला म्हणाले लोक. मग ते मागे पडलं. राहिली ती घाई. धक्क्यावर पोरं धावायला लागली की बायका ओरडायच्या, "बाबलासारखी घाई करू नको!" आजची एस्टी उद्या पकडणारा माणूस कुणाला आठवेनासा झाला. ज्यांनी ती थट्टा केली होती ते म्हातारेसुद्धा माना हलवून म्हणायचे, वेळ येते तेव्हा माणसाचा स्वभाव बदलतो.

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा मामीकडे गेलो. आता ती घरीच असते. प्रमिलाचा आठ वर्षांचा मुलगा ओंकार अंगणात होता, त्याला धक्क्यावर पोहायला जायचं होतं. एका पायात चप्पल घालून तो दाराबाहेर पळत होता.

"थांब!" मामी ओरडली. "दोन्ही चपला घाल. तुझो आजो असोच घाईत गेलो. सगळ्यांक टाकून."

पोरगा थांबला, चप्पल घातली, गेला. मामी माझ्या शेजारी ओसरीवर बसली. तिचे केस पांढरे झालेत.  मग ती आपणहून म्हणाली, "मी तेंचा श्राद्ध घालूक नाय एकदापण. प्रमिला घालता, तिच्या घरी. मी थंय जाणंय नाय."

मला हे माहीत नव्हतं. "कित्याक, मामी?"

"राग येता माका. घरात बायल, लगीन व्हयची पोरगी. दोन मिनटां थांबले असते तर आज हय बसले असते तुझ्या बाजूक. जन्मभर सगळ्यांक सावकाशी शिकवल्यानी आणि नको तेव्हा घाई केल्यानी. अजून माफ करूक नाय मी तेंका. करूचंयपण नाय."

मी ओंकार गेला त्या वाटेकडे बघत राहिलो.

"तू होतंस म्हणान तरी माका खरां कळला," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नायतर मी जन्मभर त्या होडयेक आणि त्या सायबाक शिव्या घालीत रवलंय असतंय. कोणाची चूक नसताना."

मग ती उठली, आत गेली. "बांगडे केलंय. जेवन जा," आतून म्हणाली.

मी आत जाऊन पाटावर बसलो. तिनं वाढलं. दोन बांगडे झाल्यावर तिनं तिसरा आणला, मी नको म्हणालो नाही.